उलटा रन

गेल्या मंगळवारी सकाळी म्हैसूरच्या हूटगळ्ळीहून बसने लॅबला येत होते. फोनवर मेल आला... उलटा रन संपला होता. आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला.

थोडं सांगते. औषधाचा रेणू प्रोटीनला किती घट्ट धरून बसेल, ते आम्ही फ्री एनर्जी नावाच्या आकड्यावरून ठरवतो. कॉम्प्युटरवर एका रेणूचा हळूहळू दुसरा रेणू करायचा आणि दोघांतला फरक मोजायचा. मग तसंच उलटं यायचं. जाताना आणि येताना आकडा एकच हवा, फक्त चिन्ह उलटं. माझा जुळला नव्हता... जवळपासही नव्हता.

महिन्यापूर्वी मीटिंगची घाई होती, म्हणून मी फक्त जातानाचा रन केला. उलटा नंतर करू म्हटलं आणि आकडा कळवून टाकला. त्याच्यावर विसंबून शेजारच्या लॅबमधल्या शिंदे मॅडम चार आठवडे तो रेणू बनवत होत्या. मॅडम म्हैसूरच्याच, कित्येक पिढ्यांपासून इथल्या मराठी, बोलताना मधेच कन्नड येतंच. या वर्षी रिटायर होणार... बहुतेक हा त्यांचा शेवटचा रेणू.

माझा स्टॉप आला तरी उतरायला सुचलं नाही. पुढच्या स्टॉपवरून चालत आले. आल्या आल्या रेणूंच्या हालचालींचं रेकॉर्डिंग उघडलं. काहीतरी दुसरीच, किरकोळ चूक निघू दे, एवढंच मनात होतं.

नाही निघाली. प्रोटीनच्या खोबणीत पाण्याचा एक रेणू अडकला होता. जाताना तो बाहेर पडलाच नव्हता, म्हणून आकडा चुकला... आणि मी पाहिलंच नव्हतं.

दुपारपर्यंत दोनदा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले.

"मॅडम, माझा आकडा चुकलाय. उलटा रन न करताच मी तुम्हाला दिला होता."

त्यांनी फ्लास्कखालचं मशीन बंद केलं, गॉगल काढला.

"शेवटची स्टेप उद्या करणार होते," त्या म्हणाल्या. "आज सांगितलंस ते बरं, अल्लवा? हो ना? आता नीट कर. घाई नको."

पुढचे काही दिवस ते पाणी लक्षात घेऊन, दोन्ही बाजूंनी रन केले. आकडे जुळले, पण रेणूची पकड कमजोरच निघाली. मॅडमनी शेवटचा भाग बदलायचं ठरवलं. त्यासाठी मागच्याही काही स्टेप्स पुन्हा कराव्या लागणार... दोन आठवड्यांची मेहनत वाया गेलीच. नवा रेणू चालेल की नाही, अजून माहीत नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्ट बघणाऱ्या सरांनी विचारलं, उशीर कशामुळे? मी तोंड उघडायच्या आत मॅडम शांतपणे म्हणाल्या, आमचा आकडा चुकला होता. मी म्हटलं, माझा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढच्या स्लाइडवर गेल्या.

तीन वर्षं आमच्या दोघींच्या लॅबच्या मधे एकच भिंत आहे... आणि हे माणूस मला आत्ता कळलं.