निगुडकरांचं स्कॉटलंडातलं घर

हेमचंद्र निगुडकरांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, आपल्या वरची आणि आपल्या खालची. वरच्यांत रियाधच्या बँकेतले त्यांचे साहेब ॲलन फर्ग्युसन होते आणि खालच्यांत उरलेलं जग. त्या उरलेल्या जगात त्यांची बायको विभावरी होती, अकरा वर्षांची मुलगी अवनी होती, बँकेतला मलयाळी टायपिस्ट, पाकिस्तानी ड्रायव्हर, बथ्था बाजारातले दुकानदार आणि इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या रांगेत उभी राहणारी झाडून सगळी माणसं होती. त्या रांगेत निगुडकर स्वतःही उभे राहत, पण टाय लावून. त्यामुळे आपण रांगेत नाही असं त्यांना वाटे.

माणूस मूळचा सांगलीचा. सहकारी बँकेत चिकटला होता, एक्याऐंशी साली कुणाच्या तरी ओळखीने रियाधला आला आणि नऊ वर्षांत साहेबाच्या केबिनबाहेरच्या टेबलापर्यंत पोचला. त्यापुढे सरकणं शक्य नव्हतं, म्हणून मग त्यांनी साहेब व्हायचा दुसरा रस्ता धरला. कपात आधी दूध ओतून मग चहा घेऊ लागले. भाताला काटा-चमचा आला. रियाधमध्ये वर्षातून चार दिवस पाऊस पडतो, पण निगुडकर लांब दांड्याची काळी छत्री घेऊन ऑफिसात जात. फर्ग्युसनकडे तसली छत्री होती. विभावरीला या छत्रीची इतकी लाज वाटे की खाली गाडी आली तरी ती मुद्दाम दोन मिनिटं उशिरा उतरे.

लग्नाआधी विभावरी पुण्यात एका कारखान्यात स्टेनो होती. तिचं इंग्रजी निगुडकरांपेक्षा चांगलं होतं, ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे. निगुडकरांनी तिला इलेक्ट्रिक टाइपरायटर आणून दिला होता तो प्रेमाने नव्हे. साहेबाला द्यायची पत्रं बँकेतल्या मलयाळ्याने वाचू नयेत, म्हणून.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. तिच्या भावाच्या ओळखीचा बिल्डर होता आणि पाडव्यापर्यंत थांबायला तयार होता. रियाधमध्ये नऊ वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे त्या फ्लॅटला पुरून उरले असते. अवनीला घेऊन परत जायचं, स्वतःच्या दाराला स्वतःची कडी लावायची, एवढाच तिचा हट्ट होता. निगुडकर दर वेळी "बघू" म्हणत. त्यांच्या तोंडी "बघू" म्हणजे नाही.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेत इराकच्या घशात गेलं. सप्टेंबरपासून रियाधमधल्या मराठी घरांतून एकेक कुटुंब गावी निघालं. शाळा ओस पडली. विभावरीने तिकिटांचा विषय काढला, तर निगुडकर म्हणाले, "फर्ग्युसन साहेब जागचे हलले नाहीत. आपण पळालो तर काय दिसेल?" फर्ग्युसनने आपली बायको मॉरीन डिसेंबरातच मायदेशी धाडली होती, ते मात्र त्यांना दिसलं नाही.

निघण्यापूर्वी मॉरीनने विभावरीला चहाला बोलावलं होतं. कुंड्या वाटून टाकायच्या होत्या. मॉरीन मोकळी बाई होती. तिने एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका पुढे ठेवली. त्यांचं स्कॉटलंडमधल्या पीबल्स या गावातलं घर विकायला काढलं होतं. अठराशे शहात्तर सालचं दगडी घर, पाच झोपायच्या खोल्या, पुढे आलेल्या मोठ्या खिडक्या, छताला जुनी नक्षी, चार शेकोट्या. आणि सगळं नव्याने केलेलं, वायरिंगपासून स्वयंपाकघरापर्यंत. खाली लिहिलं होतं, अठ्ठ्याहत्तर हजार पौंडांच्या वर ऑफर द्यावी.

"आमच्याकडे घर विकायची तऱ्हा वेगळी," मॉरीन सांगत होती. छापलेला आकडा ही तळाची पायरी. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी वकिलामार्फत बंद पाकिटात आपापला आकडा द्यायचा, आणि तोही एकदाच. दुसऱ्याने किती दिला ते कुणाला कळत नाही, नंतर वाढवून देता येत नाही. हे घर मिळण्याआधी मॉरीनची दोन घरं अशीच हातची गेली होती, कारण नवऱ्याने हात आखडता घेतला. ते सांगताना ती पोट धरून हसत होती.

विभावरी घरी आली आणि पुस्तिका टेबलावर ठेवून म्हणाली, "अहो, मॉरीन सांगत होती, त्यांच्याकडे घर विकताना..."

"बायकांच्या चहाच्या गप्पा मला नको सांगूस," निगुडकर म्हणाले. आणि पुस्तिका उचलून आत गेले.

ते जे आत गेले ते महिनाभर त्या घरातून बाहेर आलेच नाहीत. जेवताना घर, दाढी करताना घर. पाहुणे आले की "आमचं एक स्कॉटलंडमध्ये बघतोय" असं जांभई दिल्यासारखं म्हणायचे. पाच खोल्यांत तीन माणसं काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही. घर घेतलं म्हणून कुणी त्या देशात राहू देतं का, हेही त्यांनी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं, आणि ते त्यांच्या रक्तात नव्हतं. फर्ग्युसनच्या घरात राहिलं की आपण फर्ग्युसन होऊ, एवढाच त्यांचा हिशेब होता. साठवलेलं सगळं घालायचं आणि वर कर्ज काढायचं ठरलं. कोथरूडचं नाव काढलं तर म्हणाले, "ते सालं पेठेच्या बाहेरचं रान. तिथे राहायला मी रियाधला नाही आलो."

"Papa, do they have Indian kids there?" अवनीने एकदा विचारलं. निगुडकर पुस्तिकेतल्या शेकोट्या मोजत होते.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. खिडक्यांना तपकिरी चिकटपट्ट्या लागल्या, विषारी वायूच्या धास्तीने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायची सवय झाली. बँकेने माणशी एक गॅस मास्क दिला होता, म्हणजे कर्मचाऱ्याला एक. निगुडकरांनी तो आपल्या ब्रीफकेसमध्ये ठेवला. घरात माणसं तीन आणि मास्क एक, तोही कुलपात. क्षेपणास्त्राचा इशारा देणारा भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा त्यांनी ब्रीफकेस उघडून मास्क चढवला आणि त्यातून बायको-मुलीकडे पाहत बसले. भोंगा संपल्यावर म्हणाले, "ऑफिसची वस्तू आहे, त्यावर माझा नंबर आहे. दुसऱ्याने वापरून चालत नाही." अवनी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. विभावरीच्या मनात नवऱ्याबद्दल जे काही थोडंफार उरलं होतं ते त्या दिवशी संपलं. तिला राग आला नाही. किळस आली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घराच्या ऑफरची तारीख जाहीर झाली, शुक्रवार, आठ तारीख. बुधवारी दुपारी निगुडकर घरी आले, विभावरीला टाइपरायटरपुढे बसवलं आणि येरझाऱ्या घालत पत्र सांगू लागले. फर्ग्युसनने सुचवलेल्या तिथल्या वकिलाला फॅक्स जायचा होता. प्रस्तावना, आदर, सदिच्छा, युद्धकाळातला टपालाचा खोळंबा, सगळं झालं. मग आकडा आला.

"बासष्ट हजार," निगुडकर म्हणाले.

विभावरीचे हात थांबले. "छापलेलं अठ्ठ्याहत्तरच्या वर आहे."

"छापलेली म्हणजे बोलायची किंमत." निगुडकरांना असं समजावून सांगायला फार आवडे. "पहिला आकडा खाली टाकायचा. समोरचा कळवळतो. मग आपण बासष्टचे पासष्ट करायचे, पासष्टचे अडुसष्ट, सत्तरला खलास. तुळशीबागेत तू दुसरं काय करतेस? साहेब झाला तरी विकणारा तो विकणाराच."

विभावरीने त्यांच्याकडे पाहिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आणि इथे तर तो शहाणा तिच्यासमोर छाती काढून उभा होता. तिने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. एकदाच आकडा द्यायचा असतो, दुसरी फेरी नसते, एवढं सांगितलं असतं तर त्यांनी आधी तिला मूर्खात काढलं असतं, मग हळूच फर्ग्युसनला विचारलं असतं, आणि नव्वद हजार लिहून ते घर घेतलं असतं. कोथरूड गेलं असतं. नऊ वर्षं गेली असती. अवनी कुठल्या तरी थंड गावात शेकोटीपुढे बसून बापाची छत्री वाळवत बसली असती.

तिने बासष्ट हजार टाइप केलं. आधी आकड्यांत आणि मग अक्षरांत, कसलीही चूक न करता.

दुसऱ्या दिवशी वकिलाचा उलट फॅक्स आला. आकडा फार कमी आहे, मागाहून वाढवता येणार नाही, कृपया फेरविचार करावा. निगुडकर हसले. "बघितलंस? वकील दलालाला सामील. इथून तिथून सगळे सारखेच." आणि तो कागद त्यांनी विभावरीला फाइल करायला दिला. तिने तो वाचला आणि फाइल केला.

सोमवारी निकाल आला. चार ऑफरी आल्या होत्या, घर एडिंबरोच्या एका दातांच्या डॉक्टरने शहाऐंशी हजारांना घेतलं, आणि निगुडकरांचा आकडा सगळ्यांत खालचा होता. निगुडकरांनी तातडीने फॅक्स केला की आपण सत्तरपर्यंत यायला तयार आहोत. एका ओळीचं उत्तर आलं, घर विकलं गेलं आहे. ऑफिसात फर्ग्युसन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "बॅड लक, हेम" म्हणाला आणि पुढे दोन दिवस त्यांची नजर टाळत होता. आपल्या घराला कुणी तळाच्याही खाली सोळा हजारांनी मागितलं, याची त्या भल्या माणसाला आपल्याऐवजी निगुडकरांबद्दलच लाज वाटत असावी.

महिनाअखेरीला युद्ध थांबलं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी निगुडकरांनी जगदीश आणि शर्मिला या जोडप्याला जेवायला बोलावलं. जगदीश दुसऱ्या एका बँकेत संगणक सांभाळायचा, आणि निगुडकरांचं ऐकून घेणारा रियाधमध्ये तो एकटाच उरला होता. विभावरीने अळूवड्या केल्या होत्या, आमटी, भात, बटाट्याची भाजी. निगुडकर आपला काटा-चमचा घेऊन बसले.

"त्या स्कॉटलंडच्या घराचं काय झालं हो?" जगदीशने विचारलं.

"सोडून दिलं," निगुडकर म्हणाले. पडलो तरी नाक वर, ही कला त्यांना जन्मजात होती. "मुद्दाम कमी आकडा टाकला. साहेबाला नाही कसं म्हणायचं? जुनं घर, दगड ओलावा धरतात. त्या डेंटिस्टला चांगलाच गंडवला त्यांनी. पण गाव मात्र उत्तम. त्याच रस्त्यावर फर्ग्युसनच्या शेजाऱ्याचं घर निघतंय पुढच्या महिन्यात. या वेळी मी आकडा वरचा देणार आहे. नव्वद गेले तरी चालतील."

विभावरी आमटीचं भांडं घेऊन आतून येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. इतके दिवस तिला वाटत होतं की ते घर गेलं आणि विषय संपला. पण विषय संपणार नव्हता. हा माणूस असाच घरांमागून घरं शोधत राहणार होता, आणि ती टाइप करत राहणार होती. गप्प राहून जे मिळालं होतं ते एका महिन्याचं होतं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

तिने भांडं खाली ठेवलं. "जगदीश भाऊजी, यांनी मुद्दाम काही केलं नाही. यांना वाटलं तिथे घासाघीस चालते. वकिलाने फॅक्स करून सांगितलं, तरी यांना कळलं नाही. दुसरी फेरी नसते हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. मॉरीनने सांगितलं होतं. पत्र मीच टाइप केलं."

शर्मिलाने हातातला घास परत ताटात ठेवला.

"तुला माहीत होतं?" निगुडकरांचा काटा भातात रुतून राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"मला ते घर तुम्हाला मिळू द्यायचं नव्हतं." विभावरीचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीत मीठ कमी आहे का विचारावं तसा. "आणि हे दुसरंही मिळू देणार नाही. पुढचं पत्र तुमचं तुम्ही टाइप करा. मी आणि अवनी पाडव्याच्या आत पुण्याला जातोय. तिकिटांचं मी विचारून ठेवलंय. आमचे पासपोर्ट बँकेच्या ताब्यात आहेत, ते सोडायचा कागद उद्या सही करून आणा. नाही आणलात तर मी स्वतः फर्ग्युसनच्या केबिनमध्ये जाऊन मागेन, आणि का मागतेय तेही सांगेन. मास्कचंही सांगेन."

निगुडकरांनी आधी जगदीशकडे पाहिलं, मग शर्मिलाकडे. वरची माणसं, खालची माणसं, सगळी उतरंड त्यांच्या डोळ्यांपुढे हलत असावी. आतल्या खोलीच्या दारात अवनी येऊन उभी राहिली होती आणि बापाकडे बघत होती, मास्क चढवला त्या दिवशी बघितलं होतं तशीच. त्यांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"कोथरूडच्या त्या फ्लॅटला किती खोल्या आहेत म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"दोन," विभावरी म्हणाली. "आणि तो माझ्या नावावर घ्यायचा आहे."

निगुडकर हातानेच भात कालवू लागले. जगदीशने ताट पुढे करून थोडा भात मागितला, आणि विभावरीने त्याला भात वाढला.