वाचवलेल्या रनाला टाळी

ऐक गं, जरा नीट ऐक. परवा फोनवर म्हणालीस ते मला मुळीच आवडलं नाही. बेसबॉल म्हणजे नुसतं दांडकं फिरवायचं, म्हणे. सख्खी भाची आहेस म्हणून कान धरते. दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं.

सिंगापूरला मुलाकडे आले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आम्ही राहतो बेडोकला आणि नातीची मॅच दर शनिवारी पार बुकित तिमाहच्या बाजूला. टीमला शिकवायला पालकांपैकीच कुणीतरी पुढे होतं, तसा माझा मुलगा झाला. मी शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायची. गाडीत खायला बंदी, आणि नातीला दम निघत नाही.

नात कॅचर. म्हणजे बॅटवाल्याच्या मागे तोंडाला जाळी लावून उकिडवी बसते ती. बॉल मागे सुटू द्यायचा नाही, आणि पळत येणाऱ्याला शेवटच्या बेसवर, ज्याला होम म्हणतात तिथे, टेकू द्यायचं नाही. टेकला की त्यांचा रन. हे काम पोरगी जीव ओतून करते. बॅट मात्र तिच्यावर कायमची रुसलेली.

आणि माझा मुलगा पडला पुण्याच्या गल्ली क्रिकेटमधला. त्याच्या लेखी एक रन म्हणजे चिल्लर. एक गेला तर पुढच्या ओव्हरला चार काढू. अरे, पण इथे अख्ख्या मॅचमध्ये रन होतात ते बोटांवर मोजण्याइतके. इथे एक गेला की काळजात चर्र होतं. हे काही त्याच्या अंगवळणी पडेना. त्याने नातीला बाहेर बसवलं आणि लांब मारणारा एक दांडगा मुलगा तिच्या जागी आणला. वर म्हणतो, स्वतःची मुलगी म्हणून ठेवली असं कुणी म्हणायला नको.

"इट्स ओके लाह, आज्जी," ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली आणि ग्लोव्ह पलंगाखाली सारून दिला. तिला असेल ओके. मला नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्या मुलाने सगळ्यांच्या डोक्यावरून बॉल मारले. काय टाळ्या पडल्या! पण मागे बसला की बॉल त्याच्या बाजूने खुशाल निघून जायचे, आणि समोरची मुलं बाजारातून परतल्यासारखी आरामात होमवर यायची. आमचे नऊ, त्यांचे दहा. घरी येताना मुलगा बसमध्ये म्हणतो, अजून एक मारणारा हवा.

रविवारी पोहे त्याच्यापुढे ठेवले आणि तिथेच धरला. म्हटलं, तू बारा केलेस तर ते तेरा करतील, मागचं दार सताड उघडं असल्यावर.

"आई, रन केल्याशिवाय कुणी जिंकलंय का?"

"नाही रे बाबा. पण नऊ करूनही काल हरलासच ना? तू किती केलेस ते एकटं बघू नकोस. केलेले आणि दिलेले, दोन्ही शेजारी मांड. जिंकणं त्या दोन्हींतल्या फरकात असतं."

शाळेत मी खो-खो खेळायची. पळतीवर असताना आपल्याला गुण मिळत नाहीत, पण जितका वेळ हाती लागत नाही तितका वेळ त्यांनाही मिळत नाहीत. हे त्याला सांगितलं तर हसला. म्हणाला, खो-खो वेगळं. मग मी माझं हत्यार काढलं. मॅच संपली की जास्त रन करणाऱ्याचा हात डब्यात पहिला, असा त्याचा नियम होता. मी जाहीर केलं, डबा माझा आहे. यापुढे रन वाचवणाऱ्याचा हात पहिला, नाहीतर झाकण उघडणार नाही. सूनबाई तोंड फिरवून हसत होती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "एकच मॅच बसवतो तिला मागे. मग विषय बंद."

त्या मॅचला नातीच्या बॅटला बॉल लागला नाही, एकदाही नाही. आमचे दोन, त्यांचा एक. शेवटाला त्यांचा एक जण होमकडे सुसाट सुटला. लांबून बॉल आला, तो हिने घेतला, जागची हलली नाही, आणि तो पळणारा पाय टेकणार तोच त्याला बॉल लावला. आऊट. लोकांना आधी कळेचना टाळी वाजवायची की नाही. मी उभी राहून एकटीच वाजवत राहिले. जाळी वर करून पोरीने पाहिलं माझ्याकडे, आणि तडक डब्याकडे आली.

मुलगा अजून म्हणतो, नशीब होतं. येत्या शनिवारी तिला मागे ठेवणार की नाही, विचारलं की "बघू" म्हणतो. बघू काय बघू! मीही बघते. झाकण माझ्या हातात आहे.

पण बाई, एका म्हातारीची टाळी मैदानाच्या त्या टोकाला पोचत नाही. तू ये ना लवकर. इथे बाकावर माझ्या शेजारी बस, आणि रन वाचला की माझ्याबरोबर उभी राहा.