पाखरांना वाळे घालणारी माणसं

किस्से गोळा करायला म्हणून कोणी चिखलात उतरत नाही. आम्ही तर पक्षी पकडायला उतरतो, तेही सरकारी परवानगी काढून. पण घरी येऊन बूट झटकले की चिखलाबरोबर एखादा किस्सा पडतोच. माझा नवरा म्हणतो, "पक्ष्यांची राहू दे, एकदा तुझ्या त्या माणसांचीच नोंद कर." करते तर!

माणसं मोजकीच आहेत. सुरैया आपा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. परवानगी त्यांच्या नावावर, जाळी त्यांची, शिव्याही त्यांच्याच. दत्तूचं बिडकीनला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आणि कौसाबाई. नाथसागराचं, म्हणजे आमच्या धरणाचं, पाणी उतरलं की काठाला जी गाळाची जमीन उघडी पडते, तिथं लोक पेरणी करतात. त्याला गाळपेरा म्हणतात. कौसाबाईच्या गाळपेऱ्याला लागून आमची जाळी लागतात.

पावसाळा सरला की पार सायबेरियापासूनचे पक्षी या चिखलावर उतरतात. आम्ही उजाडायच्या आत केसासारखी बारीक जाळी बांबूंना ताणतो. अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, वजन करायचं, पंख मोजायचा, पायात नंबराचा हलका वाळा घालायचा आणि त्याला सोडून द्यायचं. पुढं तो कुठं सापडला तर कळतं की स्वारी कुठून कुठं गेली. गावात आमचं नाव पडलंय, पाखरांना वाळे घालणारी माणसं.

आता ही जागा एका कंपनीच्या डोळ्यात भरली आहे. तिला इथं भराव टाकून हॉटेल, जेटी, रात्रभर लाइटिंग असं सगळं करायचंय. अडचण एवढीच, की इथं पक्षी येत नाहीत असं आधी ठरायला हवं. आणि आम्ही तर दर हंगामात तिथंच उभं राहून पक्षी हातात धरून दाखवतो! म्हणून कंपनीचा निरोप आला की तुमचा कॅम्प दुसरीकडं हलवा. आपा म्हणाल्या, "नाही." त्या एका 'नाही'चे हे सगळे किस्से.

*

माझा पहिलाच दिवस. जाळ्यात खाटीक अडकला होता. नावाप्रमाणे काम असलेला पक्षी, चोच पकडीसारखी. आपांनी तो माझ्या हातात दिला. त्याने माझ्या अंगठ्याचं मांस धरलं आणि पीळ दिला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आपा म्हणाल्या, "ओरडायचंय? आधी त्याला सोड, मग लांब जाऊन ओरड. तो घाबरतो."

माझ्या डोळ्यातून पाणी, अंगठ्यातून रक्त. मी मुकाट्यानं वाळा घातला, वजन केलं आणि मग त्याला सोडलं. मग लांब गेले. पण तोवर ओरडायचं राहूनच गेलं होतं.

आपांनी अंगठ्याला पट्टी बांधली आणि दत्तूला म्हणाल्या, "ही टिकती. हिचं नाव वहीत घाल."

*

एकदा एक पाहुणे आले. मोठे होते. गाड्या, हार, मागे-पुढे माणसं. त्यांना हातात पक्षी घेऊन फोटो हवा होता. आपांनी एक टिलवा, मुठीत मावणारा चिखलातला पक्षी, त्यांच्या हातात कसा धरायचा ते दाखवून दिला.

फोटोग्राफर मागच्या गाडीत होता आणि मागची गाडी चिखलात रुतली होती. पाहुणे म्हणाले, "दोन मिनिटं थांबू." आपांनी त्यांची बोटं एकेक करून उघडली. टिलवा भुर्रकन गेला.

पाहुण्यांचा चेहरा उतरला. सोबतचे कार्यकर्ते आपांवर धावून आले, साहेबांचा अपमान केला म्हणून.

"अपमान कसला?" आपा म्हणाल्या. "तो सायबेरियाहून आलाय, तोही वेळेवर. तुमचा फोटोग्राफर शहरातल्या क्रांती चौकातून आलाय."

तेव्हापासून पाहुणे येत नाहीत. आम्हाला त्याची बिलकूल खंत नाही.

*

हा किस्सा मी आधी हसत सांगायचे. आता सांगताना जरा राग येतो.

एका आठवडी बाजारात एक पाकोळी, चिमणीएवढा स्थलांतरी पक्षी, दुकानाच्या शटरला धडकून पडली. पायात वाळा, वाळ्यावर इंग्रजी अक्षरं आणि नंबर. झालं! हेर सापडला! बाजारातून पाकोळी थेट चौकीत गेली, आणि तिथून कोणीतरी दत्तूला फोन केला. वाळा आमचाच होता. आपा आणि मी गेलो.

टेबलावर बुटाचं खोकं, त्यात पाकोळी. बाहेर ही गर्दी. चौकीतला तरुण हवालदार तसा सभ्य होता. त्याने विचारलं, "मॅडम, नाव?"

आपांनी सांगितलं.

"पूर्ण नाव?"

आपांनी पूर्ण नाव सांगितलं. हवालदाराचं पेन थांबलं. दारातली कुजबुजही थांबली.

"राहायला?"

"इथंच, रोशन गेट. माझ्या पणजोबांपासून." मग आपांनी खोकं पुढं ओढलं. "बाहेरची ही आहे. दरवर्षी येते आणि कागद पायात बांधून फिरते. हेर असती तर अंगावर नंबर घालून बाजारात आली असती का, बेटा?"

हवालदार आधी वाळ्याकडं बघत राहिला, मग दाराकडं. मग उठला आणि गर्दीला म्हणाला, "चला, चला, पाकोळी हाय ती." हात धुवून आला आणि आवारात जाऊन त्यानेच तिला सोडलं. आपांनी त्याच्याकडून एक गोष्ट मात्र वदवून घेतली. रजिस्टरमध्ये 'संशयित' लिहिलं होतं, ते खोडून 'पाकोळी' लिहायला लावलं.

*

आपांचा मुलगा टोरोंटोला असतो. दर शुक्रवारी फोन करतो. अम्मी, इकडं या. अम्मी, एकटं राहणं बरं नाही. अम्मी, त्या हॉटेलवाल्यांशी कशाला वैर घेता?

एकदा आम्ही जाळ्यापाशी होतो आणि फोन स्पीकरवर होता, कारण आपांच्या हातात धोबी पक्षी होता. मुलगा कळवळून बोलत होता. शेवटी म्हणाला, "अम्मी, आप ही सोचो, तिथं आता तुमचं आहे काय?"

आपांनी धोब्याच्या पायात वाळा दाबला आणि म्हणाल्या, "मार्च आला की इथून जातात ते हे. मैं नहीं. मेरेकू पंख नहीं हैं, और गरज भी नहीं."

फोन ठेवल्यावर त्यांनी वाळ्याचा तोच नंबर वहीत दोनदा लिहिला. मुलगा आठवतो त्यांना, आम्हाला कळतं. त्या दिवशी चहा दत्तूने केला आणि साखर विसरला, तरी सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

*

हॉटेल कंपनीचा साईट मॅनेजर पांढरे बूट घालून यायचा. चिखलात पांढरे बूट! माणूस वाईट नव्हता, नोकरी करत होता. आधी त्याने दत्तूला गाठलं. म्हणाला, हॉटेल झालं की तुला बर्ड गाईड करतो, युनिफॉर्म देतो, टोपी देतो.

दत्तूने विचारलं, "भराव टाकल्यावर पाखरं येतील का?"

"ते बघू. पण लॉबीत पक्ष्यांचे मोठ्ठाले फोटो लावणार आहोत. तूच काढलेले."

दत्तूने डोकं खाजवलं. "मग गिऱ्हाईकाचे पण फोटोच बोलवा की राहायला."

*

मग मॅनेजर कौसाबाईकडं गेला. तिला आधी आमचाही वैताग होता. पाखरं तिचा हरभरा टोकरतात असा तिचा दावा होता, आणि पहिल्या वर्षी तर पत्र्याचा डबा बडवत ती आमच्या अंगावर आली होती. आपांनी तिला जाळ्यातले पक्षी दाखवले. एकेकाची चोच दाखवून सांगितलं, हा किडे खातो, हा गाळातल्या अळ्या खातो. कौसाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माझा हरभरा कोण खातंय?"

दुसऱ्या दिवशी तिने पाळत ठेवली. शेजाऱ्याची शेळी निघाली! तेव्हापासून ती आमच्यात.

तर मॅनेजर तिला समजावत होता. मावशी, ही जमीन तुमच्या नावावर नाही, सरकारची आहे. तुम्ही या लोकांना बांबू रोवू देऊ नका, उद्या तुमच्यावरच येईल.

कौसाबाई गाळात बी टोकत होती. वाकलेलीच राहिली. म्हणाली, "पाणी उतरलं की जमीन माझी. पाणी चढलं की धरणाची. तुमची कवा, ते सांगा."

मॅनेजर बुटांवरचा चिखल बघायला लागला. तिने पुन्हा विचारलं, "व्हय, सांगा की. मला पेरायचंय, मी खोळंबले."

*

आता शेवटचा.

जागा बघायला सरकारी साहेब लोक येणार होते. पक्षी दिसले तर जागा वाचणार, नाही दिसले तर भराव पडणार, इतकं सरळ होतं. आपा म्हणाल्या, वेगळं काही करायचं नाही, रोजच्यासारखी जाळी लावायची.

आम्ही अंधारातच जाळी ताणली. चिखलावर टिलवे होते, चिखले होते, सगळा काठ किलबिलत होता. धुकं होतं. मी मनात म्हटलं, आज जिंकलो.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला धडाम! मग आणखी एक, मग माळच. सुतळी बॉम्ब. कंपनीची माणसं काठाकाठानं फटाके लावत येत होती. साहेबांची गाडी यायच्या आत चिखल रिकामा करायचा, हा बेत होता.

सगळे पक्षी एकदम उठले. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू! इतक्या वर्षांचं सगळं त्या धुरात गेलं असं वाटलं.

पण फटाके ज्या बाजूने येत होते, तिच्या बरोबर उलट्या बाजूला आमची जाळी होती. आम्ही पक्ष्यांना कधी हाकत नाही, आपांच्या राज्यात तो गुन्हाच आहे. त्या दिवशी दुसऱ्यांनी हाकले. घाबरलेला थवा धुक्यात खाली झुकत आला आणि थेट जाळ्यात घुसला. जाळी झोळीसारखी लोंबली. आम्ही आयुष्यात एवढे पक्षी एकदम बघितले नव्हते.

आपा ओरडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. जाळ्यात जास्त वेळ राहिला तर पक्षी मरतो. आम्ही चौघंही धावलो. सोडवायचा, कापडी पिशवीत टाकायचा, नाडी ओढायची, पुढचा. पिशवी जमिनीवर ठेवायची नाही, कोणाचा पाय पडतो. टांगायला लावलेली दोरी केव्हाच भरली होती.

आणि समोरून पांढरे बूट आले. साहेबांना घ्यायला मॅनेजर काठावर पोचला होता. आपांनी त्याच्याकडं बघितलं, भांडल्या नाहीत, शिवी दिली नाही. फक्त म्हणाल्या, "हात पुढं करा."

"मॅडम, मी इथं..."

"हात!"

त्याने हात पुढं केले. आपांनी त्याच्या बोटाबोटाला पिशव्या अडकवल्या. मनगटाला कौसाबाईने अडकवल्या. "हलू नका," आपा म्हणाल्या. "हललात की एकमेकांवर आपटतील. मोठ्यानं बोलू नका. घाबरून मरतात." आणि त्या पुन्हा जाळ्याकडं गेल्या.

मॅनेजर हात पसरून उभा राहिला, चिखलात घोट्यापर्यंत. हात भरून आले तरी त्याने ते खाली घेतले नाहीत. एका पिशवीतून बारीक आवाज आला, तेव्हा त्याने मान वाकवून तिच्याकडं बघितलेलं मी पाहिलं.

गाडी थांबली. तीन-चार साहेब उतरले. धूर विरला होता. समोर चिखल लांबवर नुसता पडला होता, त्यावर एक पक्षी नव्हता. मोठे साहेब दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिले.

कंपनीचा दुसरा माणूस पुढं झाला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बघितलंत ना साहेब? इथं पक्षी येतच नाहीत. विचारा आमच्या मॅनेजरला."

साहेब वळले. पसरलेल्या हातांवरच्या त्या पिशव्या एकेक करून हलत होत्या.

"काय हो," साहेबांनी विचारलं, "येतात का इथं पक्षी?"

मॅनेजर कुजबुजला, "साहेब, जरा हळू बोला. घाबरतात ते."