मागच्या भिंतीतला खिळा

माझ्या मामाचं चष्म्याचं दुकान आहे आणि आमचं घर त्या दुकानाच्या पाठीला चिकटलेलं आहे. मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मी, आई आणि स्वयंपाकघर. पलीकडे मामा, आरसा, अक्षरांचा तक्ता आणि गिऱ्हाईक. पडद्याच्या कडेला बोटभर फट आहे. ती मी पाडलेली नाही, पण आईला बुजवूही दिलेली नाही.

गावात मामाला समोर 'चष्मेवाले' म्हणतात आणि पाठीमागे 'एरंडेल'. नुकतंच चमचाभर प्यायल्यासारखं त्याचं तोंड असतं, त्यामुळे नाव शोधायला कुणाला फार त्रास झाला नसणार. तो नाकातून बोलतो आणि वाक्यातला शेवटचा शब्द गिळतो. "वाचा. नाही येत तर नाही म्हणा. अंदाज करू नका, ही काय सोडत आहे?" कुणी म्हणालं की जरा धूसर दिसतंय, तर म्हणतो, "काच पुसा, मग बोला."

तो माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, बुबुळांकडे बघतो. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर मख्खासारखा उभा राहतो आणि मग एकदम, "तुम्ही उजवा मायनस दीड ना?" आईच्या म्हणण्याप्रमाणे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याचं लग्न न होण्याचं कारण हेच. एकदा मुलगी बघायला गेला तर तिला त्याने विचारलं होतं, डोकं दुखतं का संध्याकाळी? तिचं दुखायला लागलं.

दुकानाच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: 'इथे केलेला चष्मा परत येत नाही.' एकोणीस वर्षं ती पाटी खरी होती. मामाला दुसरी कशाची हौस नाही, पण सकाळी शटर वर केलं की तो आधी ती पाटी पुसतो.

मंगळवारी सकाळी शेजारच्या टेलरच्या दुकानाबाहेर एक बाई कुणाशी तरी बोलत होती. "अहो, इथे चष्म्याचं दुकान कुठे आहे हो?" उत्तर नाही. "बरं बरं, असू दे, घाईत दिसताय." ती टेलरच्या कोट घातलेल्या पुतळ्याशी बोलत होती. टेलर पोट धरून बाहेर आला आणि त्याने तिला आमच्या पायरीपर्यंत आणून सोडलं.

"चष्मेवाले, यांना आधी घ्या. माझ्या पुतळ्याला पत्ता विचारत होत्या."

"आणि तुमच्यापेक्षा तो सभ्य आहे," ती म्हणाली. "हसला तरी नाही."

तिचं बोलणं जिना चढल्यासारखं वर वर जातं आणि शेवटच्या पायरीवर पोचायच्या आतच ती हसते. ती आमच्या गावातला जुना पूल बघायला आली होती. गावात बघण्यासारखं तेवढंच आहे. पुलावरून वाकून बघताना चष्मा नदीत पडला.

"मी पोहायला शिकवते," तिने मामाला सांगितलं. "पण चष्म्याला शिकवायचं राहून गेलं."

मामा म्हणाला, "हनुवटी इथे टेका."

नंबर निघाला दोन्ही डोळ्यांना मायनस सहा. मग मामाने पट्टी काढली. दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं, कारण काचेचा मधला बिंदू बरोबर बुबुळासमोर यायला हवा. दोनचार मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तर नंबर बरोबर असूनही माणूस झोकांड्या खातो. मोजताना गिऱ्हाइकाने लांब बघायचं असतं. त्यासाठी मागच्या भिंतीत एक खिळा आहे, पडद्याच्या अगदी शेजारी.

"माझ्या खांद्यावरून मागे बघा. खिळा आहे. त्याच्याकडे बघायचं, माझ्याकडे नाही."

"हो."

"हसू नका, पट्टी हलते."

"हसत नाहीये हो. चेहराच असा आहे."

"अठ्ठावन्न," मामा म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं.

बुधवारी चष्मा तयार झाला. तो घालून ती दारात गेली, पायरीवर थांबली आणि परत आली.

"रस्ता वर येतोय."

"येऊ द्या. सवय होईल."

गुरुवारी सकाळी ती डोळ्यांवर हात धरून हजर. "डोकं ठणकतंय, आणि रात्री रस्त्यावरचा प्रत्येक दिवा शेजाऱ्याला घेऊन उभा. मजा येते तशी, पण ओकारी पण येते."

"मजा यायला चष्मा केलेला नाही."

मामाचा चेहरा मी तेव्हा फटीतून बघितला. एरंडेल कुठल्या कुठे गेलं होतं. परीक्षेत दुसऱ्याच विषयाचा पेपर हातात आलेल्या मुलासारखा तो दिसत होता. त्याने नंबर पुन्हा तपासला. तिने तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. "खाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू?" नंबर बरोबर होता. मग त्याला फ्रेमचा संशय आला, मग यंत्राचा. त्याने यंत्र उघडून पुसलं आणि जोडलं. शेवटी तिचाच संशय आला.

"लहानपणी डोक्यावर पडला होतात?"

"नाही. पण आता पडेन असं वाटतंय."

त्याने पुन्हा अंतर मोजलं. खांद्यावरून मागे, खिळा, हसू नका. अठ्ठावन्न. तेही बरोबरच. त्याने नवीन फ्रेम, नवीन काचा घेतल्या आणि दुसरा चष्मा करायला बसला.

चष्मा होईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. "चक्कर थांबली की जाते," म्हणाली, आणि ती चक्कर दीड तास चालली. सोबत संत्र्यांची पिशवी होती. मामा म्हणाला, दुकानात खायचं नाही. संध्याकाळी काचांच्या खणात सालं सापडली. ती तलावात पहिल्यांदा उतरणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल सांगत होती, कोण काय सबबी काढतं ते. मामा 'हं' म्हणत होता. मामाचे 'हं' मला पाठ आहेत. एक 'ऐकलं' असतो, एक 'पुरे' असतो, आणि एक 'निघा आता'. त्या दिवशी त्याने एक 'हं' काढला तो यातला कुठलाच नव्हता. मी पडद्यामागे तो चारपाच वेळा म्हणून बघितला. जमेना.

शुक्रवारी दुपारी दुसराही चष्मा परत आला.

"पायरी अजून तिथे नाहीये जिथे ती आहे," ती म्हणाली. पण या वेळी हसली नाही. "उद्या एकच्या बसने जायचंय हो मला. सोमवारी सकाळी बारा मुलं पाण्यात उतरणार, आणि मला एकेकाच्या जागी दोन दोन दिसले तर काय करू?"

मामाने काचांचा खण उघडला. मायनस सहाची एकच जोडी उरली होती. शहरातून नवीन यायला चार दिवस. म्हणजे आता चुकलं, तर ती तशीच जाणार, आणि मामाला त्या पाटीखाली उभं राहायला तोंड उरणार नाही. त्याने ती जोडी हातात घेतली, बघितली आणि परत ठेवली.

"उद्या सकाळी या."

"आज का नाही?"

"आज मला कळत नाहीये."

हे वाक्य मी मामाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

रात्रीच्या जेवणाला तो भाताचे ढीग करत बसला. आई पोस्टात काम करते. दिवसभर शिक्के मारून तिला करमणूक हवी असते, म्हणून मी जेवताना तिला दुकान करून दाखवते. मामाला ते आवडत नाही, पण तो उठूनही जात नाही.

"बरं, आता ती कर," आई म्हणाली. "पोहणारी."

मी आईच्या हातात पट्टी म्हणून चमचा दिला आणि तिला मामा केलं. "खांद्यावरून मागे बघा," आई नाकातून म्हणाली. मी पाहुणी झाले. पाठ ताठ, हनुवटी किंचित डावीकडे, आणि डोळे—

"थांब," मामा म्हणाला. "तू बघतेयस कुठे?"

"हिच्याकडे. म्हणजे तुझ्याकडे. मामा सध्या आई आहे."

"नक्कल नीट कर. त्या खिळ्याकडे बघत होत्या."

"अजिबात नाही. खिळ्याकडे बघणाऱ्यांचे डोळे थेट फटीवर येतात, मला दर वेळी मागे सरकावं लागतं. यांच्यासाठी एकदाही सरकले नाही."

"तू फटीतून—" मामा म्हणाला आणि ते तिथेच सोडून उठला. खिशातून खरी पट्टी काढून माझ्या नाकावर टेकवली. "दाराच्या कडीकडे बघ. एकसष्ट. आता माझ्याकडे बघ." त्याने पट्टी उचलली आणि पुन्हा टेकवली. "सत्तावन्न."

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"जवळचं बघताना बुबुळं आत वळतात. चार मिलिमीटर. दोन्ही वेळा मी चार मिलिमीटर कमी मोजलं." तो खाली बसला. "पण माझ्याकडे कशाला बघतील?"

"कशाला म्हणजे काय, दादा?"

"खिळा दिसत नसेल. मायनस सहा आहे. एवढ्या लांबचा खिळा दिसणारच नाही."

"असेल तसं."

"तसंच आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

"मग हसतेस कशाला?"

"हसत नाहीये," आई म्हणाली. "चेहराच असा आहे."

शनिवारी ती बॅग घेऊनच आली. मी फटीपाशी होते. आईने सुट्टी टाकली होती आणि तीही फटीपाशी होती. एका फटीत दोन माणसं मावत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"खिळा दिसत होता का तुम्हाला?" मामाने विचारलं.

"कुठला?"

"दोन दिवस मी ज्याच्याकडे बघा म्हणतोय तो."

"तो होय? छे. माझ्यासाठी ती सगळी भिंतच पुसलेली होती. दिसत होते ते तुम्हीच."

मामाने सुटकेचा श्वास सोडला. मग लगेच त्याचं तोंड पडलं. सुटकेचा श्वास कुणी इतक्या नाराजीने सोडलेला मी बघितला नव्हता.

"मग सांगायचं ना, दिसत नाही म्हणून."

"तुम्हीच म्हणालात, अंदाज करू नका. मी म्हटलं, गप्प बसावं."

त्याने तिला दुसरा चष्मा घालायला दिला. "यातून घेरी येईल, पण लांबचं दिसेल. खिळा दिसतोय?"

"दिसतोय. वाकडा आहे."

"बघा त्याच्याकडे." त्याने पट्टी टेकवली. वाकला. सरळ झाला. परत वाकला. "अठ्ठावन्न."

तिने चष्मा नाकावर जरा वर सरकवला.

"आता तर दिसतोय ना?"

"दिसतोय की."

"तुम्ही खिळ्याकडे बघत नाही आहात."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर नुसती पट्टी बघता."

"पट्टीच सांगतेय."

आणि मग मामाने पट्टी खाली घेतली आणि वर बघितलं. बुबुळांकडे नाही. तोंडाकडे. दोघंही काहीतरी हरवल्यासारखी एकमेकांकडे बघत बसली, आणि काय हरवलंय ते दोघांनाही आठवत नसावं. आईने माझा दंड इतका दाबला की माझ्या तोंडून आवाज निघाला.

"तिकडे कुणी आहे का?" पाहुणीने विचारलं.

"भाची. आणि बहीण," मामा म्हणाला. "बघा त्यांच्याकडे. तिथेच खिळा आहे."

ती आमच्याकडे बघून हसली. मामाने झटकन मोजलं. बासष्ट.

त्याने शेवटची जोडी घासायला घेतली. एरवी अर्ध्या तासाचं काम त्या दिवशी दीड तास चाललं. काच घासायच्या चाकाचा आवाज थांबे, परत सुरू होई. साडेबाराला त्याने चष्मा तिच्या हातात दिला. ती दारात गेली, पायरी उतरली, चढली, परत उतरली. रस्त्यापलीकडून टेलरच्या पुतळ्याला हात केला.

"पायरी जागेवर आहे," आत येऊन म्हणाली. तिचा आवाज या वेळी जिना चढला नाही, मधेच कुठेतरी थांबला. "म्हणजे आता यायचं काही कारण उरलं नाही."

"हं," मामा म्हणाला. तोच, गुरुवारचा.

ती बॅग उचलत होती तेव्हा मामा त्याच्या नेहमीच्या आवाजात, जणू तिच्यावर रागावूनच, म्हणाला, "तो दुसरा चष्मा चुकलेला नाही."

"म्हणजे?"

"लांबसाठी चुकलाय. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाकडे बघायला तो बरोबर आहे. एकदम बरोबर. मी तपासलंय."

तिने तो चष्मा काउंटरवरून उचलला आणि घातला. मामाकडे बघितलं.

"डोकं दुखतंय?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अगदी नाही." मग काढला आणि त्याच्या हातात दिला. "तो इथेच ठेवा. तिकडे नेऊन मी त्यातून कुणाला बघू?"

बस वेळेवर गेली. मामाने तो चष्मा आधी खणात ठेवला, मग काढला, पुसला, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, मागच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवला.

संध्याकाळी टेलर डोकावला. "काय चष्मेवाले, ऐकलं ते खरं का? दोन चष्मे परत आले म्हणे. पाटी उतरवायला शिडी देऊ?"

"एक माझ्या हातून चुकला," मामा म्हणाला. "दुसरा ठेवायला दिलाय."

पाटी मात्र त्याने सोमवारी पुसली नाही. नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याला विचारलं तर म्हणाला, "काय लिहावं कळत नाहीये."

त्याच दिवशी शाळेतले एक मास्तर नंबर काढायला आले. मामाने त्यांना खांद्यावरून मागे बघायला सांगितलं आणि पट्टी टेकवली.

"तिथे बायकी चष्मा लटकतोय," मास्तर म्हणाले. "कुणाचा?"

"येतील घालायला," मामा म्हणाला. "डोळे हलवू नका."