अंगठ्यानं उकरलेली जमीन

काल घरात मी, माझी सून वैशाली अन् शेजारची कमळा, एवढ्याच होतो. वैशाली शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय. आता तोंडी परीक्षा आहे. नापास झाली तर सगळं तिथंच थांबणार.

"आई, तुम्ही परीक्षा घेणारे सर व्हा. नुसतं रोखून बघा," ती म्हणाली.

मी बघितलं. बोलता बोलता ती मुकी झाली, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली.

"सासूपुढं ही गत, सरांपुढं काय गं?" कमळा म्हणाली.

मला हसू आलं नाही. लहानपणी शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी पाढा विचारला तेव्हा मीही शाळेची सारवलेली जमीन अशीच उकरली होती. परत शाळेत गेले नाही. पुढं दुष्काळ काढला, नवरा गेला, पण तशी कधी घाबरले नव्हते. काल तिच्यासाठी घाबरले.

वाचणाऱ्यांत कुणी परीक्षा घेणारे असाल, तर पोरीला आधी पाणी द्या, मग विचारा.