लाल पट्टीचा धोटा

"हा तुझा. दुसऱ्या धोट्याला तोंड लावायचं न्हाय."

मालकानं धोटा माझ्या हातात वरूनच टाकला. त्याच्यावर लाल रंगाची पट्टी ओढलेली. रंग ओला होता, बोटांना लागला. जेवणाची सुट्टी होती, माग बंद होते. सगळे बघत होते.

चादरीच्या मागावर लाकडी धोटा सूत घेऊन इकडून तिकडं पळतो. त्यात सुताची कांडी बसवायची आणि सुताचं टोक बारीक भोकातून बाहेर घ्यायचं. त्यासाठी भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. सगळ्यांचं उष्टं सगळ्यांना चालत होतं. माझं चालत नव्हतं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सोलापुरातच एका गिरणीत सूतखात्यात होते. उभी हयात. कापडखात्यात आमच्या लोकांना घेतच नव्हते. कारण हेच. तोंड. दादा सुट्टीत कापडखात्याच्या दारात उभे राहून माग बघायचे आणि छातीत कापूस भरून घरी यायचे. आम्ही बौद्ध झालो त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली होती. मला चादरीच्या कारखान्यात माग मिळाला तेव्हा दादांनी घरोघर जाऊन सांगितलं, पोरगा मागावर बसला.

लाल पट्टीचं मी त्यांना सांगितलं नाही.

सात महिने मी तो धोटा वापरला. मनाला समजावत राहिलो, पट्टीनं काय होतंय, माग तर मिळाला. मी विणलेली चादर हीच माणसं अंगावर घेऊन झोपत होती. हात चालत होते माझे. तोंड नाही.

मला माग शिकवला तो कारागीर वयानं मोठा, घरी तेलुगू बोलणारा. मी त्याला अण्णा म्हणायचो. तुटलेला धागा न थांबता कसा जोडायचा, ते त्यानंच शिकवलं. एकदा त्याला म्हटलं, तुमी तरी मालकाला बोला की. तो मान खाली घालून म्हणाला, मला पोरंबाळं हायेत. मालकाच्या पट्टीपेक्षा ते जास्त लागलं.

मग एक दिवस दादा माझा डबा घेऊन आले. डबा निमित्त होतं. त्यांना माझा माग बघायचा होता. मी माग थांबवला, धोटा काढला, कांडी बदलली. दादांनी पट्टी बघितली. शेजारच्या मागांवरचे धोटे बघितले. त्यांना सांगावं लागलं नाही. डबा खाली ठेवला आणि निघून गेले.

संध्याकाळी घरी गेलो तर ते उंबऱ्यात बसले होते. म्हणाले, "मला दारात अडवलं. तुला आत घिऊन अडवलं."

एवढंच. पुन्हा तो विषय नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाल्यावर मी लाल पट्टीचा धोटा मालकाच्या टेबलावर ठेवला. सगळ्यांच्या पेटीतला एक धोटा उचलला. कांडी बसवली. सगळ्यांसमोर भोकाला तोंड लावलं, सूत ओढलं आणि माग चालू केला. दोन वीत चादर विणली असेल. मालकानं येऊन माग बंद केला, माझ्या दंडाला धरून मला रस्त्यावर काढलं. बाकीचे माग चालूच होते. अण्णाचाही.

मी कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. सहा खेपा झाल्या. सातव्या खेपेला तिथल्या साहेबांनी मालकाला बोलावलं आणि तडजोडीचा कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं, कामगाराकडून शिस्तभंग झाला, चूक कबूल आहे, सबब पुन्हा कामावर घ्यावं.

मी म्हटलं, "पट्टी कुणी मारली आन् का मारली, ते लिवा. मग सही करतो."

साहेब म्हणाले, जातीचं कशाला मधे आणतोस, काम मिळतंय ना. मालक खिडकीतून बाहेर बघत होता.

मी पेन टेबलावर ठेवलं. माझा अर्ज परत मागितला, त्यांच्यासमोरच त्याच्या खाली धोट्याची सगळी हकीकत माझ्या हातानं लिहिली, नाव घातलं, सही केली आणि आवक नोंदवहीत नंबर टाकून घेतला. साहेब वैतागून म्हणाले, आता तुला या गावात कुणी मागावर घेणार नाही.

नाही घेतलं. दारोदार फिरलो, एकानंही घेतलं नाही. आज बांधकामावर विटा वाहतोय. पण चूक माझी होती असं लिहिलेल्या कागदावर माझी सही कुणाला मिळणार नाही. सोमवारी त्याच अर्जासाठी कचेरीत आठवी खेप आहे. जाणार आहे.