गोधडीतला रोल

डोकं फिरलंय. इथं लिहून टाकतो, न्हाईतर घरात भांडण होईल.

अप्पा परवा साखर कारखान्यातून रिटायर झाले. जन्मभर फिटर. शेवटच्या दिवशी गेटवर त्यांच्या दोस्तांबरोबर मी जुन्या रोलच्या कॅमेऱ्यानं छत्तीस फोटो काढले. आज रोल मागं गुंडाळायला गेलो, तर हँडल गच्च. खालचं बटण दाबून बघितलं, तरी फिरंना. आणि कोल्हापुरात असला कॅमेरा दुरुस्त करणारा आता कोण उरलाय?

एकच उपाय होता. मिट्ट अंधारात कॅमेरा उघडून रोल हातानं काढायचा. जरा उजेड लागला की सगळे फोटो गेले. खिडक्या लावल्या, "कुणी आत येऊ नका" म्हणून ओरडलो, दोन गोधड्या डोक्यावरनं घेतल्या. रोल बोटात आलाच होता, तेवढ्यात गोधडी वर!

समोर अप्पा, मोबाईलचा टॉर्च लावून.

"अंधारात मशीनमधी हात घालतोस व्हय? बोट जाईल की!"

"टॉर्च बंद करा!" मी असा किंचाळलो की शेजारी बाहेर आले.

अप्पांनी गुमान टॉर्च बंद केला. म्हणाले, "बरं, केला बंद. फोटो कधी मिळतील?"

आता सांगा, कुणावर ओरडू?